सिस्टमडी रिव्ह्यू: सर्व्हिस उठली नाही तर का नाही उठली, हे सांगतो तरी

पाचपैकी चार. ज्यांना फक्त आकडा हवाय ते आता मोकळे. एक मार्क का कापलाय ते खाली येईलच, आणि तो परत द्यावा असं मला अजून तरी वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्स चालू झालं की कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, जी पहिली प्रोसेस उठवतो, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) १, ती बहुतेक ठिकाणी म्हणजे सिस्टमडी. त्यानंतर नेटवर्क, एसएसएच (दुरून मशीनवर लॉगिन करायची सर्व्हिस), डेटाबेस, वेब सर्व्हर, तुम्ही स्वतः लिहिलेला बॅकग्राउंडला चालणारा एखादा प्रोग्राम, यातलं कोण कधी उठणार, कोणाच्या मागून उठणार, पडलं तर परत उठवायचं की नाही हे सगळं तोच बघतो. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये तो आणला, २०११ मध्ये फेडोरा १५ या डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचाने, डिफॉल्ट केला, २०१४ ला रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७, आणि २०१५ ला डेबियन ८ आणि उबंटू १५.०४. डेबियनमध्ये त्यावरून एवढी भांडणं झाली की काही लोकांनी बाहेर पडून डेवुआन नावाचं वेगळं डिस्ट्रोच काढलं. ती भांडणं अजून पूर्ण मिटलेली नाहीत, पण मी इथे वापरणारा म्हणून लिहितोय.

आधीची पद्धत ज्यांनी वापरलीय त्यांना फरक लगेच कळेल. इनिट डॉट डी फोल्डरमध्ये प्रत्येक सर्व्हिसची एक शेल स्क्रिप्ट, त्यात स्टार्ट, स्टॉप, रिस्टार्ट सगळं हाताने लिहिलेलं, आणि प्रत्येक रनलेव्हलच्या (मशीन कुठल्या अवस्थेत चालवायचं त्या पातळीच्या) फोल्डरमध्ये एस२०, के८० असल्या नावाच्या लिंका, त्या नंबरावरून कोण आधी कोण नंतर ते ठरायचं. प्रत्येकाची स्क्रिप्ट वेगळी, आपला पीआयडी लिहून ठेवायची फाइल, म्हणजे पीआयडी फाइल, ठेवायचा प्रत्येकाचा प्रकार वेगळा. मशीन धाडकन बंद झालं की ती जुनी पीआयडी फाइल तशीच पडून राहायची, पुढच्या वेळी तोच नंबर भलत्याच प्रोसेसला मिळालेला असायचा आणि स्क्रिप्ट म्हणायची की सर्व्हिस चालू आहे, प्रत्यक्षात काहीच चालू नाही. सिस्टमडीने हा प्रश्न मुळापासून काढला कारण तो नंबरावर विश्वास ठेवत नाही, प्रत्येक सर्व्हिसला कर्नलच्या एका सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या गटात, टाकतो, मग त्या प्रोसेसने कितीही पोरं काढली आणि ती पोरं कितीही लांब पळाली तरी ती कोणाची हे त्याला माहीत असतं, आणि स्टॉप म्हटलं की सगळी जातात. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीही तो घ्यावा.

आता लिहायला कसं आहे ते. प्रत्येक सर्व्हिसची एक साधी टेक्स्ट फाइल, तिलाच युनिट म्हणतात, तिचे तीन भाग: युनिट, सर्व्हिस, इन्स्टॉल. सर्व्हिसच्या भागात एक्झेकस्टार्ट म्हणून प्रोग्रामचा पूर्ण पाथ, यूजर, वर्किंग डिरेक्टरी, रिस्टार्टचा नियम. इन्स्टॉलच्या भागात बहुतेक वेळा एकच ओळ, मल्टी-यूजर टार्गेटला (टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा, हा नेहमीच्या चालू मशीनचा) ही सर्व्हिस हवी आहे अशी. सात-आठ ओळींत काम होतं, ज्याला जुन्या पद्धतीत पानभर स्क्रिप्ट लागायची. पण ही शेल नाही हे लक्षात ठेवा, एक्झेकस्टार्टमध्ये पाइप किंवा आउटपुट फाइलकडे वळवायचं चिन्ह टाकलं तर ते जसंच्या तसं प्रोग्रामला आर्ग्युमेंट म्हणून जातं.

पण खरी मजा फाइल लिहिण्यात नाही, बिघडल्यावर आहे. सिस्टमसीटीएल स्टेटस टाका आणि पुढे सर्व्हिसचं नाव. एका स्क्रीनवर कळतं की फाइल कुठून लोड झाली, बूटला इनेबल आहे का, आत्ता चालू आहे की पडलीय, किती मेमरी खातेय, आत कुठल्या कुठल्या प्रोसेस आहेत, आणि खाली लॉगच्या शेवटच्या दहा ओळी. पडली असेल तर कोडसकट. २०३ आणि पुढे एक्झेक दिसलं की समजायचं प्रोग्रामचा पाथ चुकलाय किंवा फाइलला एक्झिक्यूट परमिशन नाही, २१७ आणि यूजर दिसलं की युनिटमध्ये लिहिलेला यूजर या मशीनवर अस्तित्वातच नाही, २०० आणि सीएचडीआयआर म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत शिरता आलं नाही. हे तीन नंबर पाठ करा राव, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. जुन्या पद्धतीत हेच शोधायला स्क्रिप्टमध्ये जागोजागी इको टाकत बसावं लागायचं.

लॉगचंही तसंच. जर्नलसीटीएलला युनिटचं नाव दिलं, सोबत बी दिलं की फक्त या बूटचे, एफ दिलं की येतील तसे दिसत राहतात. प्रोग्रामने नुसतं स्क्रीनवर छापलं तरी ते तिथे जातं, वेगळी लॉग फाइल, तिचं रोटेशन, काही बघायला नको. लॉग बायनरी आहेत म्हणून लोक चिडतात आणि त्यात तथ्य आहे, मशीन उठतच नसेल तर दुसऱ्या मशीनवर साधं ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून ते वाचता येत नाहीत, तिथेही जर्नलसीटीएलच लागतं. काही सिस्टमवर व्हार लॉग मध्ये जर्नल नावाचा फोल्डर नसतो आणि सेटिंग ऑटो असतं, मग लॉग फक्त मेमरीत राहतात आणि रिबूट झालं की गेले. नवीन मशीन हातात आलं की हा फोल्डर आहे का ते आधी बघून घ्या.

आता तो कापलेला मार्क. सिस्टमडीत "ही सर्व्हिस मला हवी" आणि "ही माझ्या आधी उठू दे" या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. वॉन्ट्स किंवा रिक्वायर्स लिहिलं म्हणजे डेटाबेसही उठवला जाईल, पण तो आधी उठेल असं नाही, दोन्ही एकदम सुटतात. आधी-नंतर हवं असेल तर आफ्टर वेगळं लिहावं लागतं. आणि नुसतं आफ्टर लिहिलं तर उलट, डेटाबेस कोणी उठवलाच नाही तर तुमची सर्व्हिस त्याच्याशिवाय खुशाल उठते. विचारांती केलेली रचना आहे, पॅरलल बूटसाठी ती लागते, हे मला मान्य आहे, पण नव्या माणसाला यातलं काहीही आपणहून सुचणार नाही, आणि लिहिलेलं चालतंय असं वाटत राहतं कारण वेगवान मशीनवर डेटाबेस योगायोगाने आधीच तयार झालेला असतो. मग एके दिवशी स्लो डिस्कवर तेच पडतं.

नेटवर्कचं त्याहून वाईट. आफ्टरमध्ये नेटवर्क टार्गेट लिहिलं म्हणजे नेटवर्क आलं असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात त्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी सर्व्हिस उठली एवढाच, आयपी मिळाला की नाही याची काही खात्री नाही. ठराविक आयपीवर ऐकणारी सर्व्हिस असेल तर नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट लागतं, तेही वॉन्ट्स आणि आफ्टर दोन्हींत, आणि शिवाय वाट बघणारी वेट-ऑनलाइनची सर्व्हिस इनेबल असावी लागते. तीन ठिकाणी बघायचं, आणि एक जरी राहिलं तरी एरर येणार नाही, फक्त कधीकधी बूटला सर्व्हिस पडलेली दिसणार. "कधीकधी" वालं हे दुखणं सगळ्यात वाईट, म्हणून मार्क कापला.

सर्व्हिसच्या भागातला टाइप, म्हणजे सर्व्हिस सुरू झाली असं कधी धरायचं तो नियम, तो पण नीट निवडा. काही लिहिलं नाही तर सिंपल धरलं जातं, म्हणजे प्रोसेस फोर्क झाली (नुसती तयार झाली) की सिस्टमडीच्या लेखी सर्व्हिस सुरू, मग पाथ चुकीचा असला तरी स्टार्ट कमांड काही न बोलता परत येते. व्हर्जन २४० पासून एक्झेक नावाचा टाइप आहे, तो प्रोग्राम खरंच लोड होईपर्यंत थांबतो, मी माझ्या सगळ्या फाइलींत तोच लिहितो. सगळ्यात उत्तम नोटिफाय, त्यात प्रोग्राम स्वतः सांगतो की मी तयार आहे, मगच मागचे उठतात. यासाठी एका सॉकेटवर (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या दारावर) रेडी एवढा छोटासा मेसेज पाठवायचा असतो, पण बऱ्याच डिस्ट्रोंनी त्यासाठी एसएसएचमध्ये लिबसिस्टमडी ही अख्खी लायब्ररी जोडली होती, आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबायच्या टूलमध्ये कोणीतरी लपवलेल्या चोरवाटेचं, बॅकडोरचं, प्रकरण निघालं तेव्हा ते एसएसएचपर्यंत पोचायची वाट हीच होती. पुढे जुलै २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये हा मेसेज लायब्ररीशिवाय पाठवायची सोय आली. तुमच्या प्रोग्रामला नोटिफाय हवं असेल तर तसंच करा, थोड्या ओळींचं काम आहे.

रिस्टार्टबद्दल. डिफॉल्टला सर्व्हिस पडली की पडली, कोणी उठवत नाही. ऑन-फेल्युअर लिहिलं की उठवतो, पण मधला गॅप डिफॉल्टला १०० मिलिसेकंदच आहे आणि १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा स्टार्ट करायची वेळ आली की सिस्टमडी हात टेकतो, मग ती फेल म्हणूनच पडून राहते. म्हणजे डेटाबेस एक मिनिट बंद होता तर तुमची सर्व्हिस पहिल्या काही सेकंदांतच कायमची बाद. रिस्टार्टसेक पाच करून टाका, मग ती मर्यादा लागूच होत नाही आणि डेटाबेस आला की सर्व्हिसही आपोआप येते.

पॅकेजसोबत आलेली फाइल कधीच हाताने बदलू नका, अपडेटला पुसली जाते. सिस्टमसीटीएल एडिट वापरा, तो ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये ओव्हरराइडची वेगळी छोटी फाइल करतो आणि फक्त बदललेल्या ओळी तिथे राहतात. एक्झेकस्टार्ट बदलायचं असेल तर मात्र आधी एक रिकामी एक्झेकस्टार्ट ओळ टाकावी लागते आणि मग खाली नवीन, नाहीतर तो दोन्ही एकत्र करतो आणि एकापेक्षा जास्त चालत नाही म्हणून सर्व्हिस नाकारतो. दुसऱ्याच्या मशीनवर काही कळेना तर सिस्टमसीटीएल कॅट मारा, मूळ फाइल आणि सगळे ओव्हरराइड एकाखाली एक, पाथसकट दिसतात. हाताने एडिटरमध्ये बदल केला असेल तर डीमन-रिलोड, म्हणजे फाइली परत वाचायची कमांड, विसरू नका.

सर्व्हिस बंद ठेवायची असेल तर डिसेबल पुरत नाही कधीकधी. डिसेबल म्हणजे बूटला आपणहून उठणार नाही एवढंच, दुसऱ्या कोणी मागितली किंवा तिच्या सॉकेटवर कोणी टकटक केली तर ती उठतेच. प्रिंटिंगची सर्व्हिस बंद केली तरी परत चालू दिसते म्हणून लोक वैतागतात ते यामुळे. सॉकेटही बंद करा, किंवा सरळ मास्क करा, मास्क केलेली कोणालाच उठवता येत नाही.

बूट स्लो आहे म्हणून सिस्टमडी-अनालाइज ब्लेम बघून वरच्या सर्व्हिस धडाधड बंद करणारे बरेच आहेत, तसं करू नका. ब्लेम फक्त कोणाला उठायला किती वेळ लागला ते सांगतो, त्याने बूट अडलं असं नाही, ती बाजूला आपली आपली उठत असेल. कोणी कोणाला अडवलं ते क्रिटिकल-चेनमध्ये दिसतं.

शटडाउनला स्टॉप जॉब चालू आहे म्हणत दीड मिनिट लटकणं हे मात्र डिफॉल्टच ९० सेकंद असल्यामुळे. स्वतःच्या सर्व्हिसला टाइमआउटस्टॉपसेक कमी करा, पण डेटाबेसचं उगाच कमी करू नका, त्याला नीट लिहून बंद व्हायला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा.

ओपनआरसी, रनिट हे सिस्टमडीचे पर्यायही चांगले आहेत, छोट्या सिस्टमवर, कंटेनरसाठी अल्पाइनसारखं छोटं डिस्ट्रो असेल तिथे मी सिस्टमडीचा आग्रह धरणार नाही. पण ज्या मशीनवर दहा-वीस सर्व्हिस एकमेकींवर अवलंबून आहेत आणि रात्री पडली तर दुसऱ्याच कोणाला तरी उठून बघायचंय, तिथे मी हाच घेईन.