साठीनंतर एकटीनं गिरनारला जायचं तर सोबत कुठून आणायची: टूरचा ग्रुप की आपली जमवलेली मैत्रीण?

मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगते. टूरवाल्यांच्या ग्रुपमध्ये तिकीट, हॉटेल, जेवण कशाचंच बघावं लागत नाही, रात्री कोणाला बरं नाही वाटलं तर माणूस हाकेला असतो, हे फार मोठं आहे. पण एकटी असलं की रूम पार्टनर ते देतील ती, नाहीतर सिंगल रूमचे जादा पैसे भरा. माझी पार्टनर स्वभावानं चांगली होती पण तिला रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही लागायचा आणि आम्हाला पहाटे चढायला सुरुवात करायची होती.

गिरनारला दत्तपादुकांपर्यंत जवळपास १०,००० पायऱ्या आहेत, २०२० पासून रोपवे झालाय पण तो वाटेतल्या अंबाजीच्या देवळापर्यंतच, पुढे उतरायचं आणि परत चढायचं आपल्याच पायांनी, तिथे ग्रुपचा स्पीड आणि आपले गुडघे जुळले नाहीत की फार त्रास होतो हो.

दुसऱ्या वेळी सकाळी फिरायला भेटणाऱ्या एका ताईंबरोबर गेले. आधी दोघी एक दिवस सिंहगड चढून आलो, तेव्हाच कळलं की त्याही दर पन्नास पावलांवर थांबतात, पाणी पितात आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. झोप, घोरणं, पथ्य, खर्च सगळं आधीच बोलून घेतलं. बुकिंगची डोकेदुखी आपल्याच अंगावर येते हे खरं, आणि एक आजारी पडली की दुसरीचंही राहतं. तरी मी ताईंबरोबरच जाईन, आता डिसेंबरचं ठरतंय.