ट्वीडचा कोट की घोंगडीचं जाकीट?

खानापूरच्या भाचीला थंडीसाठी रांगडं दिसणारं काहीतरी शिवून हवंय आणि तिचं या दोन्हींत अडलंय. हे उत्तर तिलाच.

आधी रूप. हॅरिस ट्वीड हे जाड लोकरी कापड स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विणकर आपापल्या घरी विणतात. १९९३ च्या ब्रिटिश कायद्यानं ती अटच आहे. लोकर आधी रंगवतात, मग सूत काततात. म्हणून लांबून नुसतं तपकिरी दिसणारं कापड डोळ्यांजवळ धरलं की त्यात हिरवे, निळे, विटकरी तंतू सापडतात. मला हे फार देखणं वाटतं. घोंगडीची, म्हणजे आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मात्र तिच्याच रंगाची, काळी-करडी. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ असते, त्यामुळे नवं कापड ताठ राहतं.

टोचतात दोन्ही. ट्वीडला अस्तर पुरतं. घोंगडीचा राठ केस अस्तरातूनही बोचतो, तेव्हा गळ्याला सुती पट्टी हवीच. जाड कापड कॉलरला नीट दुमडत नाही, म्हणून बिनबाह्यांचं, सरळ शिवावं.

खर्चात अस्सल ट्वीड बरंच महाग. स्वस्त मिळालं तर एक धागा जाळून बघ: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख होते, पॉलिएस्टरची गोळी होते.

कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, दोन्हींना लागते. पावसाळ्याआधी कडक ऊन द्यायचंच.

बेळगावात ऑफिस, लग्नकार्यं असतील तर ट्वीड. पहाटे शेतावर किंवा गाडीवरून जायचं असेल तर घोंगडीच घे.