पूर्वसंशोधनाचा आढावा: वर्षवार की मुद्देवार?

पीएच.डी.च्या प्रबंधातील दुसऱ्या, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्याच्या, प्रकरणाची सामग्री जमली की मांडणीचा प्रश्न उरतो. आपल्याकडच्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत बहुधा वर्षवार मांडणी दिसते: आधी परदेशातील, मग भारतातील संशोधने, आणि प्रत्येकासाठी उद्दिष्टे, नमुना, निष्कर्ष असा एकेक परिच्छेद. मुद्देवार मांडणीत एकच अभ्यास दोन-तीन उपशीर्षकांखाली येऊ शकतो. मी दोन्ही पद्धतींनी लिहून पाहिले आहे.

वर्षवार मांडणी लिहायला सोपी जाते आणि नवा लेख हाती आला तर परिच्छेद जोडला की काम भागते. विषयालाच इतिहास असेल, तर हा क्रम बोलकाही ठरतो. शालेय पोषण आहारावर लिहिताना १९९५ची योजना आणि शिजवलेले अन्न देण्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा २००१चा आदेश हे टप्पे टाळता येत नाहीत.

माझे मात्र याच विषयात अडले. फरझाना आफ्रिदी यांच्या २०११च्या अभ्यासात शिजवलेल्या आहारामुळे पहिलीतील मुलींच्या उपस्थितीचे प्रमाण १२ टक्केबिंदूंहून अधिक वाढलेले दिसते, पण पटनोंदणीवर लक्षणीय परिणाम आढळत नाही. राजी जयरामन आणि डोरा सिमरोथ यांच्या २०१५च्या अभ्यासात पटनोंदणीच ठळकपणे वाढते. वर्षवार प्रकरणात या दोहोंच्या मध्ये इतर अभ्यासांची पाने येऊन पडली आणि ‘याउलट’ असे लिहायला जागाच उरली नाही. प्रत्येक परिच्छेद ‘यांनी अभ्यास केला’ने सुरू होऊन आपल्यापुरता संपत होता. ‘पटनोंदणी’ या उपशीर्षकाखाली दोन्ही अभ्यास शेजारी आले, तेव्हा फरकाचे कारण शोधणे भागच पडले: पहिला अभ्यास एका ग्रामीण भागापुरता आहे, तर दुसरा राज्याराज्यांत योजना वेगवेगळ्या वेळी सुरू झाल्याचा आणि खासगी शाळांना ती लागू नसल्याचा आधार घेत सुमारे पाच लाख शाळा तपासतो. माझा संशोधनप्रश्न या फरकातूनच सुचला.

मुद्देवार मांडणीला पूर्वतयारी जास्त लागते, हे मान्य करायला हवे. एक्सेलमध्ये ओळीला एक अभ्यास आणि स्तंभाला एक मुद्दा असा तक्ता करून तो उभा वाचल्याशिवाय उपशीर्षके नीट ठरत नाहीत, आणि ठरलेलीही लिहिताना बदलतात. मोजकेच संदर्भ असलेल्या एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी एवढा खटाटोप कदाचित आवश्यक नसेल. विद्यापीठाच्या नमुन्यात वर्षवार मांडणीच सक्तीची असेल, तर निदान प्रकरणाच्या शेवटी दोन पानांची मुद्देवार चर्चा जोडावी. मार्गदर्शकांची त्याला सहसा हरकत नसते.