६४० ओळींची ऊसबिलाची मेथड आणि एआय सहाय्यक: सहा आठवड्यांचा अनुभव

आमचं ऑफिस कोल्हापुरात आहे, अकरा माणसांचं. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. त्यातला ऊसबिलाचा भाग गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. शेतकऱ्याचं पंधरवडा बिल काढणारी मुख्य मेथड, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे आणि या मे महिन्यापर्यंत ती ६४० ओळींची होती. २००६ साली लिहिली गेली तेव्हा म्हणे एका पडद्यावर मावायची. मग दर हंगामाला एक परिपत्रक आलं आणि प्रत्येक परिपत्रकासोबत एक नवा इफ, म्हणजे ‘असं असेल तर तसं कर’ ही अट. २००९ ला उसाचा केंद्रानं ठरवलेला किमान दर बदलला, एसएमपी जाऊन एफआरपी आली, तेव्हा जुना इफ काढला नाही, त्याच्या डोक्यावर नवा बसवला. २०२२ ला शासन निर्णयानं एफआरपी हप्त्यांत देण्याची पद्धत आली, २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. दोन्ही वेळा मी या मेथडमध्ये जीव मुठीत धरून हात घातला.

जीव मुठीत का, तर ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. बिलाची रन फसली तर हे घड्याळ थांबत नाही. आणि माझे वडील स्वतः ऊस घालतात. बिलाचा कागद घेऊन ते ओट्यावर बसतात आणि एकेक कपात बोटानं तपासतात. तो कागद चुकता कामा नये.

ऑफिसनं या वर्षी एका एआय सहाय्यकाचं सशुल्क खातं घेतलं. एडिटरमध्येच एका बाजूला त्याची खिडकी उघडते, कोड निवडायचा आणि काय हवं ते सांगायचं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महिनाभरानं त्याच कामासाठी दुसऱ्या कंपनीचाही वापरून पाहिला, चुकांची जात तीच निघाली. तेव्हा हा रिव्ह्यू या प्रकारच्या साधनाचा समजा: लांबलचक मेथड तोडून लहान करायला याचा उपयोग होतो का, एवढाच प्रश्न.

आधी एक तयारी केली होती आणि पुढं तिनंच वाचवलं. एका कारखान्याचा मागच्या हंगामातला एक पूर्ण पंधरवडा घेतला, ३,८१२ बिलं. जुन्या मेथडनं काढलेला प्रत्येक आकडा, म्हणजे निव्वळ रक्कम तर झालीच, प्रत्येक कपातीचा रकानाही फाइलमध्ये गोठवून ठेवला. नवा कोड चालवायचा आणि रकान्याला रकाना जुळवायचा. जुन्या कोडवर पुस्तक लिहिणारे मायकेल फेदर्स यांनी अशा टेस्टला कॅरेक्टरायझेशन टेस्ट म्हटलं आहे: कोड बरोबर आहे की चूक हे ती विचारत नाही, काल जे करत होता तेच आज करतो का, एवढंच विचारते. शेतकऱ्यांची नावं, खातेक्रमांक, वजनं यातलं काहीही सहाय्यकाला दाखवलं नाही. त्याच्याकडे फक्त कोड गेला, जुळवणी माझ्या मशीनवर झाली.

पहिल्या दिवशी सगळी मेथड एकदम दिली आणि लहान मेथडमध्ये तोड म्हणून सांगितलं. मिनिटभरात चौदा मेथड हातात. दिसायला फार सुंदर. कंपाइल मात्र होईना, म्हणजे चालवण्याजोगा प्रोग्रॅमच बनेना, कारण त्यानं दोन-तीन व्हॅल्यू एकत्र परत द्यायला रेकॉर्ड वापरले होते. रेकॉर्ड जावा १६ पासून आहेत आणि या कारखान्याचा सर्व्हर अजून जावा ८ वर आहे. आवृत्ती सांगितल्यावर ते त्यानं लगेच सुधारलं. मग जुळवणी लावली. ३,८१२ पैकी ४१ बिलं जुळली नाहीत.

त्यातल्या ३८ बिलांत एक-दोन पैशांचा फरक होता. जुना कोड प्रत्येक वजन पावतीची रक्कम दोन दशांशांपर्यंत राउंड करून मग बेरीज करायचा. सहाय्यकानं बेरजेची वेगळी, नीटनेटकी मेथड केली आणि राउंडिंग शेवटी नेलं. उदाहरणादाखल दर टनाला ३,१३७.३५ धरा. ११.२३५ टनाच्या पावतीचे होतात ३५,२४८.१२७२५ आणि १०.११५ टनाच्या पावतीचे ३१,७३४.२९५२५. पावतीगणिक राउंड केलं तर बेरीज ६६,९८२.४३, शेवटी राउंड केलं तर ६६,९८२.४२. एक पैसा. पण पावतीवर छापलेल्या रकमा आणि बिलाची बेरीज जुळली नाही, की बँकेची फाइल टॅली होत नाही आणि लेखा विभाग रात्री नऊपर्यंत बसतो.

उरलेली तीन बिलं जास्त गंभीर होती. तिन्हींत निव्वळ रक्कम जुनी आणि नवी अगदी सारखी, शून्य. फक्त शेवटचा आकडा तपासला असता तर मला कधीच कळलं नसतं. झालं असं, की ऊस थोडा आला आणि कपाती जास्त होत्या, म्हणजे बिलातले पैसे सगळ्या कपातींना पुरत नव्हते. अशा वेळी कपातींचा क्रम हाच नियम असतो. या कारखान्यात आधी विकास सोसायटीचं पीक कर्ज, मग कारखान्याकडून नेलेल्या खत-बियाण्याची उधारी, आणि न भागलेलं पुढच्या पंधरवड्यावर. सहाय्यकानं कारखान्याच्या सगळ्या वसुल्या दिसायला एकसारख्या म्हणून एका मेथडमध्ये गोळा केल्या आणि ती मेथड सोसायटीच्या आधी ठेवली. बेरीज तीच, पण सोसायटीकडे कमी पैसे गेले असते. पीक कर्जाच्या व्याजाची सवलत वेळेत फेडणाऱ्यालाच मिळते. त्या तिघांची सवलत कोडमधल्या या हलवाहलवीनं जाऊ शकली असती. हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो.

त्याला दोष द्यायचा तर थोडा आमच्या कोडलाही द्यावा लागेल. क्रम महत्त्वाचा आहे हे त्या ६४० ओळींत कुठंही लिहिलेलं नव्हतं. एकही कॉमेंट नाही, मेथडला नाव नाही. ज्यानं लिहिलं त्याला माहीत होतं, लेखा विभागातल्या काकांना माहीत होतं, बास. तिसरी चूक मला वाचताना सापडली, टेस्टनं पकडली नसती: डेटाबेसमध्ये नोंद करणारा भाग त्यानं वेगळ्या प्रायव्हेट मेथडमध्ये काढला आणि तिच्यावर स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कचं, ‘नोंद पूर्ण कर नाहीतर मुळीच नको’ असं सांगणारं, ट्रान्झॅक्शनलचं अ‍ॅनोटेशन लावलं. स्प्रिंग हे काम प्रॉक्सीमार्फत, म्हणजे क्लासच्या बाहेर उभ्या केलेल्या मध्यस्थामार्फत, करतं, त्यामुळं त्याच क्लासमधून केलेल्या कॉलला ते लागूच होत नाही. एरर येत नाही, इशारा येत नाही, अ‍ॅनोटेशन नुसतं शोभेला राहतं. अर्ध्यावर काही बिघडलं असतं तर अर्धी नोंद तशीच राहिली असती.

ती ब्रँच, म्हणजे कोडची ती वेगळी प्रत, मी टाकून दिली आणि दुसऱ्या आठवड्यापासून कामाची वाटणी बदलली. कापायचं काम सहाय्यकाकडून काढून घेतलं. त्यासाठी इंटेलिजे हा एडिटर आहेच: ओळी निवडायच्या, कंट्रोल-ऑल्ट-एम दाबायचं, त्यांची वेगळी मेथड होते. एक्लिप्सवाल्यांना ऑल्ट-शिफ्ट-एम. हे काही भाषेचं मॉडेल नव्हे. कोणता व्हेरिएबल (आकडा ठेवायचं नाव) आत जातो, कोणता बाहेर येतो याचा ते कोडच्या रचनेवरून हिशोब करतं, आणि निवडलेल्या तुकड्यातून दोन व्हॅल्यू बाहेर पडत असतील तर तसं स्पष्ट सांगतं. ओळी जशाच्या तशा उचलतं, राउंडिंग जिथं होतं तिथंच राहतं. इतकी वर्षं हे हाताशी असून मी या मेथडला लावलं नव्हतं, कारण कापायचं कुठं हेच दिसत नव्हतं.

ते दाखवण्यात सहाय्यक खरोखर वाकबगार निघाला. त्याला म्हटलं, काही बदलू नकोस, फक्त वाच. कोणता व्हेरिएबल कुठं भरला जातो आणि शेवटचा कुठं वापरला जातो ते सांग. २३ लोकल व्हेरिएबल होते, त्यातले सहा ३०० ओळींच्या अंतरावर पुन्हा वापरलेले, प्रत्येक वेळी वेगळ्या अर्थानं. एकाच ‘रक्कम’मध्ये आधी एकूण बिल, मग तोडणी-वाहतूक वजा जाता उरलेलं, मग जळीत उसाची कपात. ही यादी हातानं करायला मला दोन दिवस लागले असते, त्यानं दहा मिनिटांत दिली. मी तपासली, एक ओळ चुकलेली होती, बाकी बरोबर. आधी त्या सहांना वेगवेगळी नावं दिली आणि त्यानंतर कुठं कापायचं ते आपोआप दिसायला लागलं.

एसएमपीच्या काळातली एक ८५ ओळींची फांदी आता कुठूनही गाठता येत नाही, म्हणजे कधीच चालत नाही, हेही त्यानंच दाखवलं. २००९ पासून ती तशीच पडून होती. दर हंगामात मी ती वाचत होते, समजून घेत होते, जपत होते. काढली.

सगळ्यात सुरेख झाली ती उताऱ्यावरून, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यावरून, दर काढणारी मेथड. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वर किंवा खाली, आणि उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी ३१५.१० च्या खाली दर नाही. आत फक्त आकडे, बाहेरून काही लागत नाही. इथं मी सहाय्यकाला मेथडही लिहू दिली आणि टेस्टही. त्यानं १०.२५, ९.५०, ९.४९ आणि ८ टक्के असे बरोबर काठावरचे आकडे निवडले. मी कागदावर ताळा केला: साडेसात वेळा ३.३२ म्हणजे २४.९०, आणि ३४० मधून ते गेले की ३१५.१०. सूत्र आणि तळ नेमके जुळतात. जिथं गणित शुद्ध आहे तिथं याच्यावर भरवसा ठेवायला माझी हरकत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र मी त्याचं एकही ऐकलं नाही. ‘हँडल स्पेशल केस’, ‘प्रोसेस डिडक्शन्स टू’ असली नावं त्यानं सुचवली. आमच्याकडे त्या गोष्टींना नावं आहेत: जळीत कपात, सोसायटी वसुली, बिनपरतीची ठेव. गट ऑफिसमधून फोन येतो तोही याच शब्दांत. मेथडची नावं तीच ठेवली.

एक तुकडा कापायचा, ३,८१२ बिलं चालवायची, जुळली की कमिट, म्हणजे तो बदल नोंदवून पक्का. असे २७ कमिट झाले. मुख्य मेथड आता ३८ ओळींची आहे, तिच्याखाली १९ लहान मेथड. कोड तपासणाऱ्या सोनारक्यूबमध्ये जावासाठी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटीची, म्हणजे मेथड समजायला किती अवघड या मोजमापाची, मूळ मर्यादा १५ असते, आमची २१२ होती. आता एकच मेथड मर्यादेबाहेर आहे, कपातींच्या क्रमाची, आणि ती मी तशीच ठेवली आहे. ती आणखी फोडली तर क्रम पुन्हा चार ठिकाणी विखुरला जाईल. तिच्यावर क्रम का आहे ते मराठीत चार ओळींत लिहिलं आहे.

पाचापैकी साडेतीन देते. वाचून समजावण्याला आणि टेस्ट लिहिण्याला पूर्ण गुण, सगळी मेथड एका झटक्यात तोडण्याला एकही नाही. खातं पुढं चालू ठेवायला सांगितलं आहे. ज्यांच्याकडे जुनी बिलं, जुने पगारपत्रक, जुने हप्ते असं काही जुळवायला नाही, त्यांनी आधी ते जमवावं आणि मग याच्या हातात कोड द्यावा.

जूनच्या शेवटी त्या ३८ ओळी कागदावर छापून लेखा विभागातल्या काकांपुढं ठेवल्या. त्यांना जावा येत नाही. चष्मा वर करून त्यांनी वरून खाली बोट फिरवलं, अगदी बाबा फिरवतात तसं, आणि मध्येच थांबले.

“मुकादमाची उचल यात कशी दिसत नाही?”

“ती तोडणी-वाहतूकदाराच्या बिलात जाते काका, शेतकऱ्याच्या नाही.”

“हां, मग बरोबर,” म्हणाले आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.