‘४३३’ दाखवून विकलेलं इंटरनेट: वर्षाचे पैसे भरण्याआधी वेग मोजून घ्या

जिंतूरला माझ्या भाच्याचं सेवा केंद्र आहे. जुलैअखेर पीक विम्याची मुदत संपत आली की सकाळपासून दारात रांग लागते. प्रत्येक शेतकऱ्याचा सातबारा, पासबुक, पीकपेरा अपलोड करायचा असतो. त्यासाठीच भाच्याने १०० एमबीपीएसची नवी जोडणी घेतली, वर्षाचे पैसे आगाऊ भरून. ऐन गर्दीत फायली चढेनात. तक्रार केली की जोडणीवाल्याचा पोरगा यायचा, लॅपटॉपवर वायफायची माहिती उघडायचा आणि आकड्यावर बोट ठेवायचा. "बघा ना, ४३३ दाखवतंय. शंभराच्या जागी चारशे देतोय. सरकारी साइटच डाऊन असेल."

तो आकडा पाहून माझं डोकंच सणकलं. हीच फसवणूक मी २००० च्या सुमारास परभणीत भोगली आहे.

तेव्हा आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही डायल-अप इंटरनेट सुरू केलं होतं. औरंगाबादच्या एका दुकानदाराने ५६ केचा, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांचा, म्हणून मॉडेम (फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणारा डबा) दिला. निकाल बघायला आलेली पोरं ताटकळायची, पान उघडायचं नाही, आणि फोनचं बिल चढतच राहायचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, घड्याळाशेजारी दोन कॉम्प्युटरचं चिन्ह आहे, त्यावर माउस न्या. किती दिसतं?" दिसायचं १,१५,२००. "मग? छप्पन्नच्या दुप्पट मिळतंय तुम्हाला!" आणि तरी हळू का, तर म्हणे लाइन खराब.

१,१५,२०० हा कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यामधल्या हातभर केबलचा वेग. ती केबल जिथे खोचतात तो सीरियल पोर्ट त्या वेगाला लावून ठेवलेला असतो, पुढे फोनच्या तारेवर काहीही मिळो. मोटरीपासून हौदापर्यंत चार इंची पाइप टाकला म्हणून बोअरचं पाणी वाढत नाही.

खरा वेग कळायचा दुसरीकडे. मॉडेमच्या जादा सेटिंगच्या चौकटीत डब्ल्यू२ टाकलं की बरेच मॉडेम लाइनवर ठरलेला वेग सांगायचे आणि तो लॉग फाइलमध्ये उतरायचा. आमच्या फाइलमध्ये ३१,२००, कधी २८,८००. ३३,६०० च्या वर एकदाही नाही. म्हणजे ३३.६ चा जुना मॉडेम ५६ केच्या भावाने गळ्यात मारला होता. लाइनचा दोष म्हणावा, तर त्याच लाइनवर ओळखीच्या सरांचा व्ही.९०, म्हणजे खरा ५६ केचा, मॉडेम लावला आणि तो ४४,००० ला जोडला गेला. मग दोन्हींवर एकच झिप फाइल उतरवली. झिपच, कारण ती आधीच दाबलेली असते; साधा मजकूर मॉडेम वाटेत दाबून पाठवतो आणि वेग फुगलेला दिसतो. आमच्यावर सेकंदाला चार केबीही येईनात, सरांच्या मॉडेमवर पाचच्या आसपास. पण पावतीवर दुकानदाराने ‘मॉडेम, १ नग’ एवढंच लिहिलं होतं. पैसे गेले ते गेलेच.

जिंतूरचे ४३३ तसलेच: लॅपटॉप ते राउटर, त्याच खोलीतल्या खोलीत. वायफाय बंद केलं, लॅनची केबल थेट राउटरला लावली, बाकीचे फोन काढून टाकले आणि मोठी फाइल उतरवली. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये (एमबी), आणि आठ बिटांचा एक बाइट; म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे आठाने भागून सेकंदाला साधारण १२ एमबी. येत होते जेमतेम दोन. अपलोड तर एक एमबीसुद्धा नाही, आणि सेवा केंद्राचं सगळं काम अपलोडवर! पोरगा स्पीड टेस्ट दाखवायचा तीही त्यांच्याच कंपनीचा सर्व्हर निवडून, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटचा वेग त्यात मोजलाच जात नाही. आम्ही मुंबईचा सर्व्हर निवडल्यावर आकडा धाडकन खाली आला. टेस्ट संध्याकाळी करा, सगळं गाव नेटवर असतं तेव्हा. सकाळी सहाचा आकडा कामाचा नाही.

बिल बघितलं तर त्यावर ‘अनलिमिटेड प्लॅन’ एवढंच, वेगाचा उल्लेखच नाही. म्हणून पैसे देण्याआधी डाउनलोड आणि अपलोड, दोन्ही आकडे बिलावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून मागा, आणि पहिला महिनाभर महिन्याचेच पैसे भरा. भाच्याने तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करतो असं जोडणीवाला आता तोंडी म्हणतोय. आम्ही ते लेखी मागितलंय.