उलुरूला घरासकट: ॲलिस स्प्रिंग्जहून घेतलेल्या भाड्याच्या कॅराव्हॅनबद्दल

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याकडच्या टूरवाल्यांची गाडी सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्टच्या पुढे जात नाही. आम्ही देशाच्या मधोमध, लाल वाळवंटात उलुरू हा अवाढव्य कातळ पाहायला गेलो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई, भाड्याच्या कॅराव्हॅनमध्ये. नागपुरात परत आल्यापासून प्रत्येक जण तेच विचारून राहिला आहे, म्हातारं माणूस आणि पोरं घेऊन हे जमतं का? जमतं. हॉटेलपेक्षा चांगलं जमतं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, ही आपली मोठी सोय. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो. दुपारी कोवळं ऊन, रात्री पारा थेट शून्याच्या जवळ. पहाटे स्वेटर चढवून चहा ठेवताना इकडचा उकाडा आठवतसुद्धा नाही.

गाडी सहा जणांच्या झोपण्याची, डिझेलवर चालणारी. एक पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर, तो मुलांनी पहिल्या मिनिटाला बळकावला. स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्ता डावीकडून, त्यामुळे नवऱ्याचा हात लगेच बसला. आपला परवाना इंग्रजीत असतो, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता आणि काउंटरवर दोन्ही मागितले. अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर बरीच मोठी रक्कम अडकवून ठेवतात, तेव्हा कार्डाची मर्यादा निघण्याआधी वाढवून घ्या.

आता स्वयंपाकघर, कारण माझ्या दृष्टीने पैसे तिथेच वसूल झाले. गॅसची शेगडी, सिंक, फ्रिज, भांडीकुंडी सगळं गाडीत. सीलबंद मसाले घरून नेले आणि विमानतळावर सामान जाहीर करायच्या कार्डावर स्पष्ट लिहून दिले, त्यांनी पाहून सोडले. तांदूळ, बेसन, मसूर डाळ ॲलिस स्प्रिंग्जच्या सुपरमार्केटात मिळाली. उलुरूजवळच्या युलारा गावातल्या कॅम्पात सासूबाईंनी गोळाभात केला. एक मात्र ध्यानात ठेवा, फोडणी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागतो. आधी छताची खिडकी उघडायची, मग मोहरी टाकायची. शेजारच्या गाडीतलं जोडपं वास घेत दारात आलं, तर आईंनी त्यांनाही ताटली भरून दिली, वरून कच्चं तेल घालून.

रस्ता सोपा आहे, पण लांब. ॲलिस स्प्रिंग्जहून दक्षिणेला एरलडंडापर्यंत २०० किलोमीटर, तिथून उजवीकडे वळून युलारापर्यंत आणखी अडीचशे. स्टुअर्ट हायवेवर काही ठिकाणी १३० चा वेग चालतो. आम्ही नव्वदीच्या वर गेलो नाही, कारण त्यापुढे ही उंच गाडी वाऱ्याने डोलते. त्यात समोरून ५० मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, आली की हवेचा असा धक्का बसतो की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. अंधार पडल्यावर चालवायला करारातच मनाई होती आणि ती योग्य आहे: कांगारू, गायी, रानटी उंट, काहीही आडवं येतं. हे उंट मूळचे तिथले नाहीत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थान आणि आसपासच्या मुलखातून उंटवाल्यांसकट ते आणले गेले. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, त्यावरूनच तिथल्या आगगाडीचं नाव ‘द घॅन’ पडलं. हे कळल्यापासून सासूबाई खिडकीतून उंटच शोधत होत्या.

वाटेत सपाट माथ्याचा माउंट कॉनर दिसतो, मुलं त्यालाच उलुरू समजून ओरडली. खरा उलुरू दिसला तेव्हा मात्र गाडीत कोणी बोललं नाही. ३४८ मीटर उंच, एकसंध कातळ. जवळ गेल्यावर दिसतं की वरचा लाल थर गंजाचा आहे, दगडातल्या लोखंडाचा. जिथे पोपडा सुटलाय तिथे आत करडा दगड. पायथ्याची पूर्ण फेरी १०.६ किलोमीटरची. सासूबाईंनी त्यातला माला वॉकचा सपाट भाग आरामात केला. २६ ऑक्टोबर २०१९ पासून वर चढणं बंद आहे. १९८५ साली त्याच तारखेला ही जमीन तिथल्या अनंगू लोकांना परत मिळाली होती. रामटेकला गड चढून जाणं ही आपली भक्ती, इथे न चढणं ही त्यांची. आईंनी खालूनच हात जोडले. काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळाच.

काटा जुटाचे ३६ दगडी घुमट पाहिले. वारा फार होता, लहानसं चालून परतलो. किंग्ज कॅन्यन ही खोल दरी युलाराहून ३०० किलोमीटर, पण जाच. कड्यावरच्या ६ किलोमीटरच्या वाटेची सुरुवातच उभ्या चढणीने होते. सासूबाई म्हणाल्या, “मी काहून चढू बाप्पा? मी इथंच पडते, तुम्ही या फिरून.” आम्ही परतलो तेव्हा त्यांची झोप झाली होती, चहाही तयार होता. ज्याला थांबायचं त्याने थांबावं आणि त्याचा पलंग पार्किंगमध्येच असावा, हे कुठल्या रिसॉर्टमध्ये मिळणार?

तक्रारी दोन. विजेची जोडणी नसलेल्या एका कॅम्पात आम्ही रात्र काढली, तर पहाटे गाडीतल्या दिव्या-पंपाची बॅटरी पार उतरलेली. पाण्याचा पंप गप्प, दिवे बंद, फोनला रेंज नाही. कंपनीने नंतर एका दिवसाचं भाडं वळतं केलं, पण बॅटरी गाडी देतानाच तपासायला हवी होती. दुसरी गोष्ट जास्त खटकली. त्यांनी दिलेल्या नकाशात किंग्ज कॅन्यनहून ॲलिस स्प्रिंग्जला परतायचा दुसरा रस्ता, मेरीनी लूप, ठळक रंगवलेला, आणि करारात कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची बंदी. त्या लूपचा मोठा पट्टा कच्चा आहे. आम्ही करार वाचून आलेल्या डांबरी रस्त्यानेच परत फिरलो. काउंटरवरच्या माणसाने हे तोंडाने सांगायला पाहिजे.

संडासाची टाकी कॅम्पातल्या ठरावीक जागी स्वतः रिकामी करावी लागते. ते काम नवरा आणि मुलाने वाटून घेतलं, कुरकुर न करता.

पाचपैकी चार देते, एक बॅटरी आणि नकाशाचा कापला. कॅम्पात विजेची जागाच घ्या, हीटर तिच्याशिवाय चालत नाही. तिकडच्या शाळांनाही जूनअखेर सुट्टी लागते आणि जागा भराभर जातात, तेव्हा गाडी आणि युलाराचा कॅम्प दोन्ही संक्रांतीच्या सुमारासच धरून ठेवा.