एम७ रायफल: दम आहे, पण परवडतंय का?

२०२२ मध्ये अमेरिकन आर्मीने जुन्या एम४ रायफलच्या जागी सिग सॉअर कंपनीची ही रायफल निवडली. कागदावर एकदम भारी, ६.८ मिमीची गोळी लांबवर जाते, चिलखत भेदायलाही जास्त ताकद, सायलेन्सर सोबतच येतो. पण वजन बघा ना, सायलेन्सर धरून साडेचार किलोच्या आसपास, त्यावर ती कॉम्प्युटरवाली दुर्बीण वेगळी. मॅगझिन २० गोळ्यांचं, म्हणजे सात मॅगझिन घेतली तरी १४०च, एम४ वाला तेवढ्याच मॅगझिनमध्ये २१० नेतो. चकमक लांबली की हा ७० चा फरक जाणवणारच.

आणि खर्च म्हणजे नुसती बंदुकीची किंमत नाय हो. नवीन गोळी म्हटलं की मिझुरीत नवा कारखाना, सुटे भाग वेगळे, आर्मररचं (बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं) ट्रेनिंग परत, शिवाय नाटोवाले मित्र अजून एम४ च्याच ५.५६ मिमी गोळीवर, त्यांच्याकडून उसन्या गोळ्या घ्यायची सोय गेली. म्हणून तर ही फक्त पुढे लढणाऱ्या तुकड्यांनाच देतायत, बाकीच्यांकडे एम४ च राहणार, म्हणजे गोदामात दोन्ही माल सांभाळा!

माझ्याकडून पाचपैकी तीन. सरसकट बदलण्याइतकी तर नक्कीच नाही.